ऋषीच्या भाजीत झुकिनी

जिन्यावर माईंची पावलं वाजली तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. एका पायरीवर दोन्ही पाय टेकायचे, कठडा धरून दम घ्यायचा, मग पुढची पायरी. गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेल्या बाईची ती चाल होती, आणि तरी ती बाई वर निघाली होती.

"माई, पानं घेतेय," मी आतूनच ओरडले. "आता कुठे निघालात?"

"तुम्ही दोघं बसून घ्या गं. मी जरा वर जाऊन येते. केतकीनं आज काहीतरी वेगळं केलंय म्हणे."

केतकी ही माझी धाकटी जाऊ. माझा दीर हेमंत आणि ती बरीच वर्षं सिंगापूरला राहून आदल्या वर्षी अलिबागला परतले होते. हेमंत आता घरूनच काम करायचा. आमच्या घराचा वरचा मजला त्यांनी दुरुस्त करून घेतला होता. खाली मी, माझा नवरा मुकुंद आणि सासूबाई. सासूबाईंना सगळे माईच म्हणत.

"जाऊ दे ना," मुकुंद पाटावर बसत म्हणाला. "चार घास वेगळे खाल्ले तर काय बिघडलं?"

"चार घास असते तर मी बोलले नसते. महिने झाले, सगळेच घास वर चाललेत."

"खातेय ना कुठे तरी? मग झालं."

पुरुषांचं बरं असतं. त्यांच्या मते जेवण पोटात गेलं की झालं. कुणाच्या हातचं गेलं, याचा हिशेब त्यांच्या खिजगणतीतही नसतो.

झालं होतं असं. त्या वर्षी चैत्रात माईंना मोठा ताप आला. बऱ्या झाल्या, हिंडायला फिरायला लागल्या, पण खालचं जेवण त्यांना जाईना. मी करायचं काही बाकी ठेवलं नाही. मऊ भात झाला, मेतकूट झालं, अळूचं फतफतं झालं, डाळिंब्या सोलता सोलता माझी बोटं सुरकुतली. माई दोन घास घ्यायच्या आणि ताट सारायच्या. "पुरे गं." बास, एवढंच. आणि ही आमटी, चिंचगुळाची, जी त्यांनीच मला नवी नवरी असताना शेजारी उभं करून शिकवली होती, तिच्याकडे तर त्या नुसत्या बघत बसायच्या. एकदा मी पाहिलं, त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, इतकी का वाईट झालीय?

आणि वर काय? वर परदेश. आज थायलंड, उद्या मेक्सिको. केतकीनं गच्चीत भाज्या लावल्या होत्या. बंदरावर मासळीसाठी बर्फ घालून येतात ना, त्या थर्माकोलच्या पेट्या तिनं कोळणींकडून मागून आणल्या होत्या, आणि त्यांत माती भरून झुकिनी नावाची काकडीसारखी भाजी, चेरी टोमॅटो, लेट्यूस, बेसिल असलं सगळं पिकवायची. सकाळी गच्चीवरून खुडायची आणि दुपारी शिजवायची. कित्येकदा शिजवायचीसुद्धा नाही. कच्चंच. आणि ज्या माईंनी जन्मात कच्चा कोबी तोंडात घातला नव्हता, त्या माई ते कच्चं खायला जिना चढून जायच्या.

माझ्या पोटात दुखायचं. आडपडदा कशाला ठेवू? चांगलंच दुखायचं.

त्या दिवशी मला राहवेना. केतकीचा एक डबा माझ्याकडे पडला होता, तो परत करायचं निमित्त करून मी वर गेले. माई टेबलाशी बसलेल्या. समोर कसल्याशा गुंडाळ्या. तांदळाच्या पातळ पापडात गाजर, काकडी, लेट्यूस आणि लाल कोबी गुंडाळलेला, पापड असा की आतलं सगळं दिसावं. माईंच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. कितीतरी दिवसांनी मी त्यांना जेवताना हसताना बघत होते.

"सुनीती, ये ये, बघ हे काय कुरकुरीत आहे! आणि ती चटणी घे. मेली अशी झणझणते, डोक्यापर्यंत जाते."

"वहिनी, घ्या ना," केतकीनं बशी पुढे केली. "व्हिएतनामचे आहेत. माईंना फार आवडतात."

"दिसतंय ते," मी म्हटलं.

मी एक गुंडाळी खाल्ली. वाईट असती तर मी सुखानं खाली आले असते. पण चांगली होती. शेंगदाण्याची चटणी तर इतकी चांगली की मी दुसऱ्यांदा बुडवली आणि स्वतःवरच चिडले.

"केतकीच्या हाताला चव आहे, नाही माई?" मी मुद्दाम विचारलं.

माईंनी बशी उजेडाकडे वळवली. "रंग बघ किती छान आहेत," त्या म्हणाल्या आणि दुसरी गुंडाळी उचलली.

मी उठणार तेवढ्यात त्यांनी बाँब टाकला. "सुनीती, चार दिवसांवर ऋषीपंचमी आली. यंदा ऋषीच्या भाजीला सगळं बाजारातून आणू नको. केतकीच्या गच्चीतलंही घालू."

हे काय होतं ते कळायला आमच्या घरातली ऋषीची भाजी माहीत हवी. ऋषीपंचमीला आमच्याकडे बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, डाळ नाही. परसात हातानं लावलेल्या, वेलावर आपसूक आलेल्या भाज्या सगळ्या एका पातेल्यात शिजवायच्या. अळू, माठाचे देठ, लाल भोपळा, पडवळ, सुरण, कणसाचे तुकडे, आंबाडे. तेल नाही, मसाला नाही. ओलं खोबरं, मिरची आणि मीठ. आणि नैवेद्य दाखवेपर्यंत चाखायची नाही. म्हणजे सगळी मदार मिठावर, आणि मीठ बघायचं ते नाकानं.

माईंचं नाक अलिबागभर नावाजलेलं होतं. वाफेवर तोंड धरायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "चिमूटभर कमी आहे." कधी चूक नाही. मला शिकवताना म्हणायच्या, "मिठाला वास नसतो, पण मीठ पुरेसं पडलं की भाजीचा कच्चा वास मरतो. तो मेला की हात आवरायचा." मोदकांची उकड त्यांनी माझ्या हाती दिली, पुरण दिलं, दिवाळीचं सगळं दिलं. ऋषीची भाजी तेवढी दिली नव्हती. दर वर्षी मी चिरून द्यायची आणि बाजूला उभी राहायची. "देईन गं पळी एक दिवस," त्या म्हणायच्या. त्या तापानंतर मला वाटत होतं, यंदा देतील. मी वाट बघत होते, आणि त्यांनी पातेल्यात झुकिनी घातली होती.

"मासळीच्या पेटीतलं ऋषींना?" मी म्हटलं.

"वहिनी, पेट्या मी किती वेळा धुतल्यात," केतकी कळवळून म्हणाली.

"पेटीला मासळी लागली असेल, झुकिनीला नाही लागली," माई म्हणाल्या. "बाजारातल्या भाज्या आता कोण कुठे पिकवतं देव जाणे. हिनं स्वतःच्या हातानं माती कालवलीय. ऋषींना तेच हवं असतं."

संध्याकाळी मी मुकुंदला हे सांगितलं तर तो म्हणाला, "हल्ली बैल राहिलेत कुठे? सगळं ट्रॅक्टरनं नांगरतात. म्हणजे खरं तर भाकरीसुद्धा चालायला हवी." असल्या नवऱ्यापुढे गाऱ्हाणं करण्यात अर्थ नव्हता.

चतुर्थीला आम्ही सगळे चौलला चुलतसासऱ्यांकडे गेलो. आमचा गणपती तिथेच बसतो. तिथेही माईंनी केतकीच्या गच्चीचं कौतुक सांगितलं. मोदक मात्र एकच खाल्ला, तोही प्रसाद म्हणून. वळले होते मी.

पंचमीला सकाळीच मी बाजारात गेले. पोस्टाच्या पुढे भाजीवाल्या बायका ऋषीच्या भाजीचे वाटे लावून बसल्या होत्या. मी एकीचा वाटा घेतला नाही, प्रत्येकीला विचारून एकेक जिन्नस निवडला. अळू थळच्या परसातलं, सुरण कोवळा, आंबाडे टणक. एका बाईनं विचारलंसुद्धा, "वयनी, आज लय निवडून घेताव? कोन पाव्हनं येनार हाय का?" तिला काय सांगू, की पाहुणी माझ्याच घरी वरच्या मजल्यावर राहते?

घरी आले तर ओट्यावर केतकीची टोपली आधीच येऊन बसलेली. हिरव्यागार झुकिनी, तुरेदार बेसिल, मण्यांसारखे टोमॅटो. आणि केतकी नऊवारी नेसून, ओचा सांभाळत उभी. माझी अळूची जुडी त्या टोपलीशेजारी गावंढळ दिसायला लागली.

"वहिनी, मी काय करू?"

"तू काय करणार? झालं की तुझं सगळं," मी म्हटलं. मग जरा मऊ होऊन सुरण तिच्याकडे सरकवला. हाताला चिंच लाव म्हणून सांगितलं नाही, पण तिनं स्वतःच मागून घेतली. सिंगापूरला सुरण मिळत असणार.

माईंनी तिकडे सात सुपाऱ्या मांडून पूजा उरकली आणि स्वयंपाकघरात आल्या. पातेलं चढवलं. एकेक भाजी त्यांनी आपल्या हातानं सोडली, आधी सुरण, मग कणसं, मग देठ, मग अळू. झुकिनीचे तुकडे शेवटी घातले, तेही निम्मेच. "मऊ आहे, विरघळेल," त्या केतकीला म्हणाल्या, आणि केतकी शाळेतल्या हुशार मुलीसारखी मान हलवत होती. मी खोबरं खवत होते. खवणीवर त्या दिवशी जरा जास्तच जोर लागत होता.

माईंनी मीठ घातलं. ढवळलं. खोबरं घातलं. पुन्हा मिठाच्या बरणीत हात गेला आणि पुन्हा मीठ पडलं. मला वाटलं, भाजी जास्त आहे म्हणून असेल. मग त्या पातेल्यावर वाकल्या, डोळे मिटले आणि वाफेवर तोंड धरलं. मी वाट बघत होते, आता म्हणतील, चिमूटभर कमी आहे. वाफेनं त्यांचा चेहरा लाल झाला तरी त्या हलेनात.

"केतकी," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "ते तुझं तुळशीच्या बहिणीसारखं दिसतं ना, त्याची आणखी दोन पानं घेऊन ये वरून. नैवेद्याच्या ताटात ठेवू."

"इथे आहेत की माई, टोपलीत."

"ताजी आण."

केतकी ओचा धरून जिना चढली. माईंचा हात तिसऱ्यांदा बरणीत गेला.

"माई! मीठ पडलंय."

"पडलंय?"

"दोनदा."

त्यांची मूठ पातेल्यावर तशीच थांबली. मग त्यांनी मीठ परत बरणीत टाकलं. बोटांना चिकटलेले कण त्या कितीतरी वेळ झटकत राहिल्या.

"किती झालंय ते तू बघ," त्या हळूच म्हणाल्या.

मी वाफेवर नाक धरलं. कच्चा वास पार मेला होता, आणि त्याच्याही पलीकडचा एक उग्र, खारट वास येत होता. हे तर कुणालाही कळलं असतं. अलिबागभर नावाजलेल्या नाकाला तर पातेल्याच्या आधी कळलं असतं.

"माई, तुम्हाला वास येत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"त्या तापापासून. वास नाही, चव नाही. तोंडात गरम आहे की गार, मऊ आहे की कडक, एवढं कळतं. तिखट झोंबतं. बाकी सगळी माती." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मुकुंदला सांगू नको. लगेच डॉक्टर, तपासण्या, गावभर बोभाटा. माईचं नाक गेलं म्हणून."

"पण मग वर, केतकीकडचं..." मी जिन्याकडे पाहिलं. "ते आवडीनं खाता ना?"

"तिचं कसं लागायला हवं, ते मला ठाऊकच नाही ना गं. कुरकुरीत लागतं, झोंबतं, रंग दिसतात. तेवढंच त्याचं असेल असं समजून मी खाते आणि उठते." त्यांनी पळीनं भाजी ढवळली. "तुझी आमटी म्हणजे माझीच आमटी. ती मला पाठ आहे. तिचा घास तोंडात येतो आणि ती तिथे नसते. कशी गिळू?"

गॅसवर भाजी रटरटत होती. मी गॅस बारीक केला. इतके महिने ज्या ताटाकडे बघून मी कुढत होते, ते ताट त्या का सारत होत्या हे मला आता कळत होतं.

माईंनी पळी माझ्यापुढे धरली. "घे. बघ काही होतं का त्याचं."

मी पळी घेतली. ज्या पळीसाठी इतकी वर्षं शेजारी उभी राहिले, ती अशी हातात येईल असं वाटलं नव्हतं. पण खारट भाजी समोर असली की बाईला रडायला सवड नसते. पाणी घातलं तर भाजीचं कालवण झालं असतं. भोपळा संपला होता. पडवळ एक उरलं होतं, त्यानं काय होणार? आणि माझी नजर त्या टोपलीवर गेली.

केतकी बेसिल घेऊन उतरत होती. मी जिन्याशी गेले. "झुकिनी आहेत का गं अजून?"

ती थबकली. "वहिनी, तुम्ही मागताय?"

"आहेत का ते सांग."

"दोन मोठ्या आहेत वेलावर."

"आण. दोन्ही आण."

ती धावतच गेली. झुकिनीला स्वतःची म्हणून चव फारशी नसते, हे माझं तिच्याविषयी पहिल्या दिवसापासूनचं मत होतं. पाणी मात्र भरपूर. टोपलीतल्या आणि त्या दोन, सगळ्या मी मोठ्या फोडी करून पातेल्यात लोटल्या. उरलेलं पडवळ घातलं, खोबऱ्याची आणखी एक वाटी खवून घातली, आंबाडे ठेचून घातले. झाकण ठेवलं. मग वाफेवर नाक धरलं. अजून उग्र होतं. पुन्हा झाकण. पुन्हा नाक. माई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, जशी मी कधी काळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. तिसऱ्यांदा झाकण काढलं तेव्हा खोबऱ्याचा गोडसर वास वर आला आणि मागून आंबाड्याचा. मी गॅस बंद केला.

नैवेद्य झाला आणि सगळे जेवायला बसलो. माझा घास हातातच होता. मुकुंदनं पहिला घास खाल्ला आणि काही न बोलता दुसरा घेतला, म्हणजे जमलं होतं. केतकी मात्र डोळे मोठे करून म्हणाली, "माई, काय भाजी झालीय! आणि मीठ तर अगदी नेमकं. न चाखता कसं जमतं तुम्हाला?"

माईंनी ताटावरून मान वर केली. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नाकानं."

"खरंच कमाल आहे माई तुमची," हेमंत म्हणाला.

आणि सांगते, त्या क्षणीही माझ्या पोटात दुखलंच. भाजी मी केली होती, खारटपणा मी मोडला होता, आणि कौतुक ताटाच्या त्या बाजूला चाललं होतं. माईंनी सगळी भाजी संपवली. एकेक घास चावून, शांतपणे, डोळे ताटात ठेवून. त्यांना काय लागत होतं ते आता मला ठाऊक होतं, त्यामुळे मी पुन्हा त्यांच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले. केतकी पेट्यांना पाणी घालत होती.

"मला तुझं काहीतरी शिकव," मी म्हटलं. "आपल्याकडे कधी झालं नसेल असं. कुरकुरीत हवं आणि झोंबलं पाहिजे."

तिनं झारी खाली ठेवली. मी चेष्टा करतेय की काय, असं तिला वाटलं असावं. "वहिनी, रागावलात का? माई वर येतात म्हणून?"

"रागावले होते," मी म्हटलं. "आता तू शिकव."

"मागे पपई आहे ना आपली? कच्ची काढू?"

ती पपई किसायची नाही, लांब लांब चिरायची, हे तिनं मला दाखवलं. मग मिरच्या, लसूण, गूळ, लिंबू आणि भाजलेले शेंगदाणे खलबत्त्यात ठेचून त्यात पपई आणि तिचे ते टोमॅटो हलके हलके कुटायचे. थायलंडमध्ये म्हणे गाडीवर विकतात. नाव तिनं दोनदा सांगितलं, माझ्या लक्षात राहिलं नाही. खलबत्ता माईंचाच होता. त्यात पपई कुटली जाईल असं त्यांनाही कधी वाटलं नसेल.

दुपारी मुकुंद पाटावर बसला आणि इकडेतिकडे बघायला लागला. "आमटी नाही?"

"नाही."

"का?"

"नाही केली."

तेवढ्यात जिन्याशी पावलं वाजली. मी बाहेर आले. माई पहिल्या पायरीपाशी उभ्या होत्या, हात कठड्यावर.

"माई, वर कशाला जाता? पान घेतलंय."

"काय केलंयस?" त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं.

"तुम्ही कधी न खाल्लेलं."

माईंनी कठड्यावरचा हात काढला.

"मग वाढ."